बाईजाच्या लुगड्याचा रंग

या मित्रांनो, असे जवळ सरकून बसा. कीर्तनात निरूपण आवरतं, बुवा उपरणं सावरतात आणि मागचे लोकही पुढे येऊन बसतात, कारण आता गोष्ट लागणार असते. तसे बसा. मीही तुम्हाला एक गोष्ट सांगणार आहे. ती हसवणारी नाही. ऐकताना कुठे मन धास्तावलं तर शेजाऱ्याचा हात धरा, पण अर्ध्यातून उठू नका.

मी एक जुना डिजिटल कॅमेरा आहे. माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथे पांढरे हातमोजे घातलेल्या हातांनी माझ्या छातीत भिंग बसवलं आणि पाठीला काडेपेटीएवढा काचेचा पडदा लावला. माझ्या डोक्यावर एक छोटं चाक होतं. चाकाच्या एका खुणेवर मी रंगीत फोटो काढायचो आणि दुसऱ्या खुणेवर काळा-पांढरा. त्या दोन खुणांमध्ये नखाएवढंसुद्धा अंतर नव्हतं. माझी सगळी गोष्ट त्या तेवढ्या अंतरात घडली.

दोन हजार चार साली मुरबाडच्या जीवनने मला कल्याणच्या दुकानातून आणलं. एस.टी. स्टँडच्या मागे त्याचा लहानसा फोटो स्टुडिओ होता. तोपर्यंत तो रोलवर फोटो काढायचा. मी आलो तेव्हा त्याच्या आईने, मैनाआईने, मला पाटावर ठेवून हळदकुंकू वाहिलं. भिंगावर कुंकवाचा कण पडला. जीवनने तो हलकेच फुंकून काढला. असं प्रेम मला कारखान्यात कुणी केलं नव्हतं.

जीवनला कीर्तनाचं वेड होतं. शहापूरपासून माळशेजच्या पायथ्यापर्यंत कुठेही सप्ताह असला की तो मला गळ्यात अडकवून निघायचा. फोटो काढून झाले तरी उठायचा नाही. त्याच्या छातीवर बसून मीही ऐकायचो. टाळांचा आवाज माझ्या भिंगात थरथरायचा. चांगल्या बुवांच्या तोंडून देवाचं नाव निघालं की जीवनच्या छातीचे ठोके संथ व्हायचे. देव कुठे असतो हे मला ठाऊक नाही, पण त्या ठोक्यांच्या आसपास असावा असं मला वाटायचं.

जीवनला दुसरंही एक काम असायचं, मित्रांनो. डोंगराकडच्या वाड्यांमध्ये जन्मात एकदाही फोटो न काढलेली माणसं पुष्कळ होती. असं माणूस गेलं की घरच्यांना वाटायचं, आता तरी त्याचा चेहरा घरात राहावा. मग जीवनला निरोप यायचा. गेलेल्या माणसाला खुर्चीत बसवायचे, मागे पांढरं धोतर धरायचे, कपाळाला बुक्का लावायचे, गळ्यात हार घालायचे. सुरुवातीला जीवनने अशा एका म्हातारीचा, बाळी तिचं नाव, फोटो रंगीत काढला. ओठांचा निळा आणि गालांचा पिवळा रंग मी जसाच्या तसा दाखवला. तिच्या लेकीने फोटो पाहिला आणि पालथा ठेवला. "ही आमची आई नाय," ती म्हणाली.

त्यानंतर असं काम असलं की जीवन माझं चाक काळ्या-पांढऱ्यावर फिरवू लागला. फ्लॅश मारायचा नाही. खुर्ची दाराजवळ ओढून एका बाजूचा उजेड घ्यायचा. रंग गेला की उजेडाला वाव मिळतो. सुरकुत्या नांगरलेल्या शेतासारख्या उठून दिसतात आणि बंद डोळे नुसते मिटल्यासारखे वाटतात. फोटो पाहून लोक म्हणायचे, "कसा दुपारचा डोळा लागलाय बघ." जीवनने हे दयेपोटीच सुरू केलं होतं. पण त्यातून भलतंच रुजलं. वाड्यावाड्यांच्या भिंतींवर माझे काळे-पांढरे फोटो लागत गेले आणि लोकांनी मनाशी धरलं, की जीवनचा बिनरंगाचा फोटो म्हणजे माणूस गेला.

अशा घरातून परतल्यावर जीवन मागच्या दारी अंघोळ करायचा. मग मैनाआई उंबऱ्यात यायची आणि तुळशीच्या पानाने पाण्याचा एक थेंब माझ्या पट्ट्याला लावायची. तो थेंब लागला की जीवन माझं चाक परत रंगावर फिरवायचा. उंबरा, थेंब, चाक, हा क्रम कधी चुकला नाही. मला वाटतं, जीवनच्या बोटांना चाकाची आठवण त्या थेंबामुळेच व्हायची.

आणि एका चैत्रात तो थेंब मला लागला नाही.

वैशाखरे गावाच्या वरच्या अंगाला, ओढ्यापलीकडे, एक वाडी आहे. तिथे सप्ताहाचा शेवटचा दिवस होता. सकाळी काल्याचं कीर्तन होतं आणि त्यानंतर बारकूबाबाचा सत्कार. बारकूबाबा त्या वाडीचा पखवाजवाला. सप्ताह सुरू झाल्यापासून एकही साल त्याचा हात चुकला नव्हता. देवळात त्याचा मोठा फोटो लावायचं गावाने ठरवलं होतं. जीवन त्यासाठीच निघाला होता. पण वाटेतल्या वाडीत धाऊबाबा नावाचा म्हातारा पहाटे वारला होता. त्याच्या मुलांनी जीवनची जीप अडवली.

जीवनने धाऊबाबाचा फोटो काढला. तिथल्याच विहिरीवर दोन कळश्या डोक्यावर ओतून घेतल्या आणि ओल्या केसांनी तो देवळाकडे धावला. घर वाटेत नव्हतं. उंबरा नव्हता, तुळस नव्हती, मैनाआई नव्हती. चाक होतं तिथेच राहिलं.

मांडवात बारकूबाबाला खुर्चीत बसवलं होतं. मागे मांडवाचं पांढरं कापड. डोक्याला तांबडा फेटा, कपाळाला बुक्का, गळ्यात झेंडूचा हार आणि मांडीवर पखवाज. बाहेर पळस नुसता पेटला होता. माझ्या भिंगातून तो सगळा रंग आत येत होता. जीवनने बटण दाबलं आणि नेमक्या त्या क्षणी बुवांनी शेवटचा गजर केला. गजर कानी पडला की डोळे मिटायची बारकूबाबाची सवय होती.

लोक पडद्यावर वाकले. बारकूबाबाची भावजय भागी सगळ्यात पुढे होती. तिचं हसू जागच्या जागी राहिलं.

"आरं द्येवा," ती हळूच म्हणाली. "ह्यो तर भिंतीवरचा फोटू."

बारकूबाबाने हात पुढे केला. "बगू दे की मला." त्याने मला हातभर लांब धरलं. त्याच्या बोटांना पखवाजाच्या तोंडाला लावायची ओली कणीक लागली होती, ती माझ्या अंगाला लागली. तो बराच वेळ पाहत राहिला.

"बरा दिसतोय गो मी," तो भागीला म्हणाला. "मेल्यावर येवढं बरं कोन दिसतं?"

चारदोन माणसं हसली आणि गप्प झाली. "बाबा, चुकी झाली, आत्ता दुसरा काढतो," म्हणत जीवनने घाईने माझं चाक फिरवलं. मीही जीव एकवटला. पण सेल उतरले होते. पडद्यावर तांबडा ठिपका लुकलुकला आणि मी मिटलो. त्या वाडीत सेलचं दुकान नव्हतं. मिटता मिटता मला आरतीचा पखवाज ऐकू आला. एक ठोका पडायला हवा होता, तिथे पडला नाही. इतक्या सालांत पहिल्यांदा बारकूबाबाचा हात चुकला होता.

त्याने मनावर घेतलं नसतं, तर कदाचित काही झालं नसतं. पण वाडीने त्याला विसरू दिलं नाही. कुणी वाईटपणाने वागलं असं नाही, मित्रांनो. सगळे चांगलेच वागले, आणि तेच वाईट झालं. शेजारणी गोडधोड आणून म्हणू लागल्या, "खा बाबा, आता काय मनात ठेवू नका." लांबचे सोयरे भेटायला आले आणि जाताना जरा जास्तच वाकून पाया पडले. एकाने तर ओटीवर बसल्या बसल्या विचारलं, "बाबा, मागनं पखवाज कोनाला?" जीवन सेल घेऊन रंगीत फोटो काढायला गेला, तेव्हा बारकूबाबाने भिंतीकडे तोंड केलं. "आता काढून काय करनार? व्हायचा तो झाला," तो म्हणाला.

तो जेवायचा कमी झाला. ओटीवरच्या बाजेवर पडून राहू लागला. त्याचे गाल बसले. उन्हातान्हाने तांबूस झालेली कातडी करडी पडत चालली. जीवनने मला त्याच्याकडे रोखलं नव्हतं, तरी मला ते दिसत होतं. तो माणूस हळूहळू माझ्या फोटोसारखा होत चालला होता.

बाईजा त्याची बायको. अंगाने वाळकी, तोंडाने फटकळ, हातांना सतत काम. ती एक दिवस वैशाखऱ्यावरून एस.टी. धरून मुरबाडला आली आणि सरळ दुकानात शिरली.

"जीवन, त्या फोटूत रंग घाल परत."

जीवन मला घेऊन कल्याणला गेला. तिथल्या कॉम्प्युटरवाल्याने फोटो पाहिला, मान हलवली. त्याने सांगितलं ते मी आजवर विसरलो नाही. तो म्हणाला, "आधी रंगात काढायचा, मग इथे आणून रंग उतरवायचा. मूळ रंगीत तसाच जपायचा. तू कॅमेऱ्यातच काळा-पांढरा काढलास. त्याने रंग ठेवलाच नाही, तर मी आणू कुठून?" तरी जीवनने गयावया केली म्हणून त्याने वरून रंग भरून दिले. फेटा गुलाबी झाला, ओठ लाल झाले, गाल नारिंगी.

बाईजाने तो फोटो दुकानाच्या दारात उजेडाला धरला. "ह्ये तर सोंग," ती म्हणाली. "त्यांना दावला तर उद्याचं आजच व्हायचं."

"काकी, पुसूनच टाकू का मूळचा?"

"नको रे बाबा. फोटू पुसला म्हंजे मी पुसला, असं म्हनतील. ते सरळ इचार करनारं मानूस र्‍हायलंय का आता?" ती बाकावर बसली, पदराने तोंड पुसलं. मग म्हणाली, "माजा काढ. तसाच."

जीवन दचकला. "जित्या माणसाचा तसा नाय काढत मी, काकी."

"मंग त्यांचा का काढलास?"

पडद्याआडून मैनाआई सगळं ऐकत होती. ती बाहेर आली. "बाईजा, असं देवाला डिवचू नये गो," ती म्हणाली.

"देवाला नाय डिवचत. मान्सांना डिवचते," बाईजा म्हणाली. "देव काय त्या चाकावर बसलाय व्हय?"

दुसऱ्या दिवशी निघताना मैनाआईने तुळशीचा थेंब माझ्या पट्ट्याला आधीच लावला. थेंब नेहमी परतल्यावर लागायचा. जाताना लागलेला थेंब मला गार वाटला, फार गार.

वैशाख होता. डोंगर तापून धुरकट दिसत होता आणि वाडीत कुत्रंसुद्धा हलत नव्हतं. बाईजाने पेटीतून लुगडं काढलं. म्हसा गावच्या जत्रेत घेतलेलं, घडी न मोडलेलं. ते नेसून ती बाजेशेजारी, दाराच्या उंबऱ्यात येऊन बसली. बाहेर भागी आणि बायका पदर तोंडावर धरून उभ्या होत्या.

जीवनने मला उचललं आणि हळूच पुटपुटला, "काकी, मी रंगात काढतो आणि मग कल्याणला रंग उतरवून आणतो. एकच होईल."

"एक नाय होनार," बाईजा म्हणाली. "त्यांचा जसा काढलास तसाच काढ. त्यांच्या डोळ्यांम्होरं चाक फिरव. नायतर म्हनतील, माजा खरा आन् तुजा खोटा."

जीवनने बाजेकडे पाहिलं. बारकूबाबाने मान इकडे वळवली होती. त्याच्यासमोर जीवनने चाक फिरवलं. कट् असा आवाज झाला. मित्रांनो, मला तोंड असतं तर मी नको म्हणालो असतो. का ते मला सांगता येणार नाही. फोटो म्हणजे उजेडाचा ठसा असतो, त्याने कुणाचा जीव जात नाही, हे मला पक्कं माहीत होतं. तरी नको म्हणालो असतो.

"डोळं उगडंच ठेवते," बाईजा म्हणाली, "नायतर ह्या बायांचं परत सुरू." आणि ती सरळ माझ्या भिंगात बघू लागली. इतकं सरळ माझ्याकडे कुणी पाहिलं नव्हतं. तेवढ्यात तिने मान जराशी बारकूबाबाकडे वळवली, पदर हलला, ती परत माझ्याकडे वळली आणि जीवनने बटण दाबलं.

तिने मला हातात घेतलं आणि नवऱ्याच्या नाकासमोर धरलं. "बगा. आता दोगंबी भिंतीवरचं. कोन पयला जातो त्ये बगू. मी काय तुमच्यासाठी थांबायची नाय."

बारकूबाबाच्या घशातून काहीतरी आवाज आला. मला वाटलं तो रडतोय. तो हसत होता. हसता हसता त्याला ठसका लागला, तो उठून बसला, पाणी प्याला. "येवढी काय घाई गो तुला?" तो म्हणाला. मग जरा वेळाने, "भाकर हाय का?" दिवस कलला तेव्हा त्याने पखवाज मांडीवर घेतला आणि कणीक मळायला लावली. जीवन देवळाच्या पायरीवर बसून ऐकत होता आणि डोळे पुसत होता. त्या संध्याकाळी एकही ठोका सुटला नाही.

इथेच मी थांबलो असतो तर किती बरं झालं असतं.

श्रावणात बाईजाला ताप भरला. आवणीत भाताची रोपं लावताना ती चिखलात भिजत होतीच. दोन दिवस तिने तो अंगावर काढला, मग तिला उठवेना. वाडीतल्या माणसांनी डोली केली. ओढ्यापलीकडे रस्त्यावर जीप उभी होती. पण रात्रभर डोंगरावर कोसळलेलं सगळं पाणी ओढ्यात उतरलं होतं. डोली अलीकडच्या काठावर थांबली, जीप पलीकडच्या. दोन्हीकडची माणसं एकमेकांना नुसती हातवारे करत राहिली. दुपारी पाणी उतरलं, तेव्हा घाई करायचं कारण उरलं नव्हतं. पेटीतलं तेच लुगडं नेसवून तिला नेलं.

त्या वेळी जीवनला निरोप आला, पण मला घेऊन ये असं कुणी म्हणालं नाही. फोटो आधीच काढलेला होता.

वाडी म्हणाली, बाईजाने नवऱ्याचं मरण अंगावर घेतलं. भागीनेही तेच सांगितलं, पुढे सगळ्या मुरबाड तालुक्यात ते तसंच सांगितलं गेलं. हे ऐकताना माणसं कानाला हात लावायची, हात जोडायची. मीही जीवनच्या छातीवरून ते ऐकलं. पण मित्रांनो, त्या ओढ्याला पूल नव्हता, ही गोष्ट कुणी बोललंच नाही. माझ्या चाकाचं नाव सगळ्यांच्या तोंडी होतं, पुलाचं एकाच्याही नाही.

जीवनने त्यानंतर माझं ते चाक कधी काळ्या-पांढऱ्यावर फिरवलं नाही. कुणाला तसा फोटो हवा असला, तर आधी रंगात काढायचा, मग कॉम्प्युटरवर रंग उतरवायचा आणि मूळ रंगीत फोटो त्या माणसाच्या नावाने वेगळा ठेवायचा. "रंग जपून ठेवावा," तो म्हणायचा. "मागून कधी लागेल सांगता येत नाही."

लागलाच. काही वर्षांनी बारकूबाबा काठी टेकत दुकानात आला. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. बाईजाचा फोटो तो पिशवीत घालून घेऊन आला होता.

"जीवन, हिचं लुगडं कंच्या रंगाचं होतं रे?"

जीवनने त्याला बाकावर बसवलं.

"भागी म्हनते हिरवं. नेसवनाऱ्या बाया म्हनतात निळं. समद्या देवाच्यान् सांगतात. माजी तवा शुद्ध कुठं होती? मी तिचं तोंडच बगत र्‍हायलो." त्याने काचेवरून अंगठा फिरवला. "सपनात येती ती. पन अशीच येती, राखेच्या रंगाची. रंग कळला तर नीट येईल."

जीवनने त्या दिवशी बाईजाकडे नाही, माझ्या पडद्याकडे पाहिलं होतं, आणि पडद्यावर ती करडीच होती. त्याने खाली मान घातली. बारकूबाबाने फोटो परत पिशवीत ठेवला आणि स्टँडकडे निघून गेला. पुढच्या चैत्राआधी तोही गेला, झोपेत. त्याचा फोटो काढावा लागला नाही. तोही आधीच काढलेला होता.

मग मोबाईल आले आणि माझे दिवस संपले. जीवनने मला खणात ठेवलं, सेल काढायचे विसरून. ते माझ्या पोटात फुटले आणि हिरवट मीठ साचलं. भिंगात बुरशीची जाळी धरली. म्हणून सांगतो मित्रांनो, खणात ठेवलेल्या वस्तूंना अधूनमधून हात लावत जा. फोटो काढाल तेव्हा रंग जपून ठेवा, मग हवा तर उतरवा. आणि घाईत असताना उंबरा चुकला, तर क्षणभर थांबून स्वतःच्या बोटांकडे बघा.

आता ज्यासाठी तुम्हाला जवळ बोलावलं ते सांगतो. मी रंग ठेवला नाही हे खरं, पण पाहिला नाही असं नाही. भिंगातून आत येतो तो सगळा रंगच असतो. तो टाकायचा हुकूम होता म्हणून टाकला. टाकण्याआधी मी तो पाहिला होता, आणि बारकूबाबाला सांगायला मला तोंड नव्हतं.

भागी खोटं बोलत नव्हती आणि त्या बायाही खोटं बोलत नव्हत्या. ते लुगडं उभ्या धाग्याने हिरवं होतं आणि आडव्या धाग्याने निळं, मोराच्या मानेसारखं. काठ तांबडे, पळसासारखे. ती सरळ बसली तेव्हा हिरवी होती. नवऱ्याकडे वळली तेव्हा निळी झाली.

तुम्ही कधी माळशेजच्या वाटेवर असाल आणि कुठल्या देवळातून पखवाज ऐकू आला, तर घटकाभर थांबा आणि बाईजाची आठवण काढा. भिंतीवरची राखेच्या रंगाची बाईजा नको. उंबऱ्यातली आठवा, मान वळवता वळवता हिरव्याची निळी होणारी.